मागच्या दाराजवळचा कोनाडा

जळकोटच्या पंचाक्षरी अप्पांना मोबाइलचा भारी राग, असं त्यांच्या घरचे सांगत. खरं पाहिलं तर अप्पा रोज दुकान उघडायच्या आधी झाडून साऱ्या नातेवाइकांना फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवून मोकळे होत. त्यांना राग यायचा तो दुसऱ्याच्या मोबाइलचा. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी हेच चालतं, तेव्हा एकट्या अप्पांना हसण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी बसवजयंती जवळ आली होती, तेव्हा त्यांची लेक अंबिका सुट्टीवर घरी आली. ती नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होती. येताना तिनं पिशवीत मोबाइलपेक्षाही वरचढ वस्तू आणली होती, डोळे पार झाकून टाकणारा काळा जाडजूड चष्मा. तो लावून ती बैठकीत मधोमध उभी राहायची, हवेत हात फिरवायची, नसलेलं दार ढकलायची, कुणाला न दिसणाऱ्या फळीवरून काहीतरी उचलून न्याहाळायची. दूध घालायला आलेल्या बाईनं दारातूनच तिच्या आईला, नीलाबाईंना, विचारलं, "वैनी, पोरीच्या अंगात येतंय का?"

अप्पांचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला. किराणा आणि भुसार. तिथून त्यांना बैठकीतलं सगळं दिसायचं. शेवटी तराजू सोडून ते आत आले.

"अंबे, काय करून राहिलीस?"

"घर बांधून राहिले, अप्पा."

"कुणाचं?"

"आपलंच."

अप्पा खाटेवर बसले. अंबिकानं चष्मा कपाळावर सरकवला आणि समजावून सांगितलं. बऱ्याच देशांतली मुलं मिळून एक गल्ली बांधत होती. दगडविटांची नव्हे, या चष्म्यातल्या आभासी जगातली. प्रत्येकानं त्यात आपापलं घर उभं करायचं आणि मग कुठल्याही देशातल्या माणसानं आपल्या जागेवर बसून त्या घरात हिंडून यायचं.

"ते कामून?"

"भेदभाव, गरिबी, बाईमाणसाचे हाल हे सगळं आपण पुस्तकात वाचतो अन् परीक्षेत लिहितो, अप्पा. पण ते घरात कसं राहतंय ते कुठं दिसतंय? कोण आधी जेवतंय, पाणी कोण भरतंय, पोरगी अभ्यासाला कुठं बसती, हे घरात हिंडल्यावरच कळतं. म्हणून नियम एकच हाय. घर हाय तसं दाखवायचं. सजवायचं न्हाई."

"मग आपलं घर कशाला निवडलीस? आपल्यात कुठला आलाय भेदभाव? आपण बसवण्णाची माणसं. मी उत्सव समितीचा अध्यक्ष हाय."

"म्हणून तर निवडलं," अंबिका म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिलाही तसंच वाटत होतं.

तिनं टेप लावून घरातली प्रत्येक भिंत मोजली होती. देवघर, चूल, माठ, दुकानातला तराजू, भिंतीचा पोपडा, सगळ्याचे फोटो काढून चष्म्यातलं घर हुबेहूब केलं होतं. अप्पांना त्यात काही राम वाटला नाही. पण लेक सहज बोलून गेली की, उद्या सकाळी परदेशातली पाहुणी आपलं घर बघायला येणार आहे, आणि अप्पांचा चेहरा पालटला. राग होता तिथं यजमान येऊन बसला.

"पाहुणी? मग चहाचं काय?"

"चष्म्यात चहा पिता येत न्हाई, अप्पा."

"मग नुसतं या-बसा करून वाटेला लावायचं? उदगीरला तुझ्या आत्याला कळलं तर ती मला जन्मभर ऐकवंल. अन् तो भिंतीचा पोपडा? त्याला तेवढा चुना मार की आतल्या आत."

"नियम हाय, अप्पा. हाय तसं."

बरीच घासाघीस झाली. पोपडा राहिला. पाहुणीला घर दाखवायचा मान मात्र अप्पांनी पदरात पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते न्हाऊन, कपाळाला विभूती लावून, धुतलेला सदरा घालून बैठकीत उभे राहिले. चष्म्याच्या पट्ट्यानं विभूती पुसली गेली, पण ते आता त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. समोर त्यांचंच घर उभं होतं. तोच उंबरा, तोच पोपडा. उंबऱ्याशी येताच अप्पांचा उजवा पाय आपोआप चप्पल काढायला लागला, आणि पायात चप्पल नव्हतीच.

"अंबे, पाय धुवायला पाणी ठेवायचं इसरलीस बघ."

"अप्पा, ते हातातलं बटण दाबा, आत जाताल."

पाहुणी आली. तिचं नाव नोमसा. राहणारी दक्षिण आफ्रिकेतली, अंबिकाच्याच वयाची. चष्म्यात ती निळसर बाहुलीसारखी दिसत होती आणि तिचं बोलणं यंत्रातून मराठी होऊन येत होतं, बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात. अप्पांनी हात जोडले, लिंगायतांच्या रिवाजानं "शरणार्थी, शरणार्थी, या," असं मोठ्यांदा म्हणाले, आणि घर दाखवायला लागले. चष्मा लावला की माणसाला वाटतं, पाहुणा लांबच्या देशात आहे तर आवाजही तिथवर पोचला पाहिजे. अप्पा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते.

देवघरापाशी त्यांचा विशेष रंग चढला. "आमच्यात इष्टलिंग म्हणून देव गळ्यात असतोय. त्याला भेटायला मधी कुणी लागत न्हाई. लहानमोठा, उच्चनीच, काही मानत न्हाई आम्ही."

"फार सुंदर विचार आहे," नोमसा म्हणाली.

अप्पा खूश झाले. स्वयंपाकघर झालं, माठ झाला, फळीवर ओळीनं पालथे घातलेले पेले झाले. मग ते मागच्या दारी आले. तिथं भांडी घासायचा दगड होता आणि त्याच्या वर, भिंतीत, एक छोटा कोनाडा. नोमसा तिथं थांबली, वाकली आणि कोनाड्यातून काहीतरी उचललं.

"हा पेला बाहेर का आहे?"

अप्पांना वाकून पाहावं लागलं. स्टीलचा पेला होता, घरातल्या इतर पेल्यांसारखाच. फक्त काठावर एक खाच होती. घरात काम करणाऱ्या साखराबाईचा पेला तो. तो त्या कोनाड्यात इतकी वर्षं पालथा होता की घरच्यांच्या नजरेला तो भिंतीतलाच दगड वाटायचा. पूर्वी एकदा तो चुकून आतल्या पेल्यांत मिसळला होता. तेव्हा पुन्हा घोटाळा नको म्हणून अप्पांनीच दुकानातून कानस आणून काठाला खूण केली होती. नंतर ते विसरूनही गेले. अंबिकानं मात्र काहीच वगळलं नव्हतं. तिनं खाच धरून सगळा पेला जसाच्या तसा उतरवला होता.

"आणि याच्या काठावर खूण का केली आहे?" नोमसानं विचारलं.

दुकानात बसून अप्पांनी आजवर नाना तऱ्हेच्या गिऱ्हाइकांना उत्तरं दिली होती. डाळीत खडा का, तेलाला वास का, कशालाही ते अडत नसत. इथंही अडले नाहीत.

"तो झाडाला पाणी घालायचा हाय," ते खणखणीत म्हणाले. "माणसाचा न्हाई."

नोमसानं खाचेवरून बोट फिरवलं. मग यंत्रातला तो बातम्यांचा आवाज म्हणाला, "माझी आजी शहरात एका गोऱ्या कुटुंबाकडे काम करायची. तिचाही पेला असा वेगळा होता, पत्र्याचा. तोही मागच्या दाराशीच असायचा. आजी सांगायची, त्या घरची माणसं फार चांगली होती."

तिनं पेला पुन्हा कोनाड्यात ठेवला. होता तसा, पालथा.

अप्पांनी चष्मा काढला. समोर, बैठकीच्या दारात, हातात झाडू घेऊन साखराबाई उभी होती. गावाच्या कडेच्या मातंग वस्तीतली ही बाई अंबिका लहान असल्यापासून या घरात यायची. अंबिकाला कडेवर घेऊन ती अंगणवाडीत पोचवायची. ते तिचे हात घराला चालत होते.

"मालक, बाजूला सरा," ती म्हणाली. "झाडायचं हाय."

बस, एवढंच बोलली.

दुपारी अप्पांनी लेकीला जवळ बोलावलं. "तो गिलास तेवढा खोडून टाक चष्म्यातून."

अंबिका खाली मान घालून बसली होती. "मी कोनाड्याची उंचीसुद्धा मोजली, अप्पा. खाचेचा फोटो जवळून काढला, नीट यावी म्हणून. पण हा गिलास बाहेर कामून, हे मला एकदाबी विचारावं वाटलं न्हाई."

"मग आता नको विचारू. एका बोटाचं काम असंल की. खोडून टाक."

"तिथला खोडायला एक बोट पुरतंय. अन् इथला?"

"इथलं इथं बघू."

व्यापाऱ्याच्या तोंडी 'बघू' आलं की गिऱ्हाइकानं पिशवी उचलावी, हे अंबिकाला लहानपणापासून माहीत होतं. तिनं पेला खोडला नाही, आणि खोडला नाही हे अप्पांना सांगायचं धाडसही तिला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी साखराबाई कामाला आली ती मनगटाला दोरीनं बांधलेली पाण्याची बाटली घेऊन. जळकोटच्या त्या उन्हाळ्यात दुपारी नीलाबाईंनी नेहमीसारखा तांब्या भरून नेला आणि कोनाड्यातला पेला पुढे कर म्हणून थांबल्या. साखराबाईनं बाटलीचं टोपण काढलं.

"राहू द्या, वैनी. झाडाला घाला."

आता जो आपल्या भागातला आहे त्याला यातली मेख सांगायला नको. आपल्याकडं दारात आलेल्याला शब्दाआधी पाणी दिलं जातं, आणि ज्याच्याशी संबंध तुटला त्याच्या घरचं पाणी आधी बंद होतं. भाऊभाऊ बांधावरून भांडले की कोर्टात जायच्या आधी एकमेकांचं पाणी सोडतात. साखराबाई कामाला येत होती, भांडी घासत होती, विचारलं तर उत्तर देत होती. फक्त या घरचं पाणी तिनं सोडलं होतं.

नीलाबाई दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या. "काय बोललात तुम्ही काल?"

"मी कुठं काय बोललो?"

"साऱ्या गल्लीनं ऐकलंय. मलाच तेवढं कामून इचारावं लागतंय?"

अप्पांनी गुळाच्या ढेपेवरच्या माश्या हाकलायला सुरुवात केली. नीलाबाईही फार वेळ तिथं उभ्या राहू शकल्या नाहीत. त्या पेल्यात वरून, हात न लागू देता, इतकी वर्षं पाणी कोण ओतत होतं, हे त्यांनाही आठवलं असावं.

जयंतीसाठी अप्पांची थोरली बहीण शांतम्मा उदगीरहून एसटीनं आली. उदगीरच्या बाजूला बोलण्यात कानडी मिसळलेली असते. साठी उलटलेल्या भावाला ती अजून 'तम्मा' म्हणे, म्हणजे धाकटा. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला भावजयीकडून सगळी बातमी मिळाली. चहा पिऊन झाल्यावर तिनं फर्मान काढलं, "अंबी, दाखव बघू तुझ्या अप्पाचं ते घर."

खाटेवर बसूनच तिनं चष्मा लावला. "अगं, इथं गुडघं दुखत न्हाईत की माझं," म्हणत ती सगळ्या खोल्यांतून हिंडली. मग मागच्या दारी जाऊन कोनाड्यापाशी वाकली. चष्मा काढला तेव्हा तिनं भावाला हाक मारली.

"तम्मा, ये. बस हितं."

"अक्का, गिऱ्हाईक हाय."

"असू दे. गिऱ्हाईक पळून जात न्हाई. साखरानं पाणी सोडलंय म्हणं?"

"तिनं सोडलं. मी न्हाई सोडायला लावलं." अप्पा उभ्यानंच बोलत होते. "अक्का, तूच सांग, मी तिला कधी कमी केलंय? तिच्या लेकीच्या लग्नाला भांड्यांचा सेट दिला. ती आजारी पडली तर लातूरला दवाखान्यात मी नेलं."

"दिलास की. लग्नाला सगळी भांडी दिलास. अन् घरात एक गिलास देईना झालास."

"रीत हाय ती. सगळ्यांच्या घरी हाय. तिलाबी त्याचं काही वाटत न्हाई."

"इचारलास तिला?"

"त्यात इचारायचं काय?"

"बरं, नको इचारू." शांतम्मानं पदर सावरला. "एवढंच सांग. रीत हाय, कुणाला वाईट वाटत न्हाई, तर त्या परदेशच्या पोरीला खोटं कामून सांगितलास? सरळ सांगायचं की, बाई, हा आमच्या कामवालीचा गिलास, आम्ही तिला आमच्या गिलासात पाणी देत न्हाई. तोंड का अडलं?"

अप्पांनी मान दुकानाकडं वळवली.

"कुणी बघत नव्हतं तोवर ती रीत होती. एका पोरीनं बघितलं अन् त्या रीतीची लाज झाली. म्हणजे तुला आतून ठाऊक होतं, तम्मा. आपला बाप गेल्यावर हे घर तुझ्या हाती आलं. गल्लीतली सगळ्यात पहिली गॅसची शेगडी तू आणलास, पहिला फ्रिज तू आणलास. तेव्हा न्हाई म्हणालास, रीत मोडती मनून."

अप्पा तसेच दुकानात गेले. पण माणूस व्यापारी. नुकसान झालं की ते भरून कसं काढायचं याचा विचार त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. संध्याकाळी ते मोठ्या उत्साहानं आत आले. तोडगा सापडला होता. जयंतीच्या दिवशी, मंडपात, सगळ्या गावासमोर ते स्वतः साखराबाईला नव्या पेल्यातून पाणी देणार. अंबिकानं त्याचा व्हिडिओ काढायचा आणि चष्म्यातल्या गल्लीत लावून टाकायचा. त्या आफ्रिकेच्या पोरीलाही दिसेल.

अंबिकाचा चेहरा पडला. शांतम्मा भावाकडं बघत राहिली. अप्पांनी साखराबाईला हाक मारली आणि बेत सांगितला.

साखराबाईनं सगळं ऐकून घेतलं. राख लागलेले हात तिनं पुढे धरले होते, लुगड्याला लागू नयेत म्हणून.

"मंडपात पानी पिऊन मी काय करू, मालक?" ती म्हणाली. "मला तहान हितं लागती."

आणि ती परत दगडापाशी जाऊन बसली.

अप्पांच्या मनाला हे शब्द कुठंतरी जाऊन लागले. त्या संध्याकाळी त्यांनी तूरडाळ मागणाऱ्याला हरभराडाळ बांधून दिली आणि गिऱ्हाइकानं हसून परत आणली. ते विचार करत होते. आपण नेहमी देत आलो. भांडी दिली, दवाखाना केला, आता मंडपात मान द्यायला निघालो होतो. देणारा आपण आणि बघणारं गाव. त्या बाईला मात्र यातलं काहीच नको होतं. तिला तहान लागल्यावर पाणी हवं होतं, घरात इतरांना मिळतं तसं.

सकाळी दुकानाचं एक दार ओढून घेऊन ते मागच्या दारी गेले. साखराबाई भांडी घासत होती. बाटली शेजारी ठेवली होती. अप्पांनी कोनाड्यातला पेला उचलला. इतक्या वर्षांत त्याला त्यांचा हात पहिल्यांदा लागत होता, खूण करतानाचा सोडला तर.

"साखरा, परवा मी खोटं बोललो. हा झाडाचा न्हाई."

"म्हाईत हाय की, मालक. मीच पीत होते न्हवं त्यातनं."

"ही खूण मी केली."

"तेबी म्हाईत हाय. मी हितंच होते. कानशीचा आवाज लई वेळ येत होता."

अप्पांना वाटलं होतं, आपण मोठी कबुली द्यायला निघालोय. इथं तर ज्याला सांगायचं त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. आता सांगण्यासारखं एकच उरलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

साखराबाई कढई घासतच राहिली. "यावर मी काय म्हणावं? असू द्या म्हणू? इतकी वर्षं असूच दिलं की."

"काही म्हणू नको. आत ये, पाणी पी."

तिचा हात थांबला. "आत म्हंजी कुठवर?"

साधा प्रश्न होता, पण त्याचं मोघम उत्तर चालणार नव्हतं. अप्पांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं नीलाबाई उभ्या होत्या.

"माठापर्यंत," अप्पा म्हणाले.

नीलाबाई क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. जन्मभराची सवय दारात आडवी उभी होती. मग त्या बाजूला झाल्या. "ये साखरा. फळीवरचा घे कुठलाबी."

साखराबाईनं हात धुतले, पदराला पुसले. उंबऱ्याशी ती जराशी थबकली आणि आत आली. फळीवरून एक पेला घेतला. माठात ओगराळं बुडवून आपल्या हातानं पाणी घेतलं आणि पेल्याला ओठ लावून, उभ्या उभ्या, सगळा पेला संपवला. मग आणखी अर्धा घेतला. पेला मोरीत ठेवला आणि कामाला निघून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अंबिकाचा मोबाइल बैठकीत पडला होता आणि तो आणायला ती उठली नाही.

थोड्या वेळानं नीलाबाईंनी मोरीतले सकाळचे पेले विसळायला घेतले. अप्पांचा, शांतम्माचा, अंबिकाचा, त्यांचा स्वतःचा आणि साखराबाईचा. कुठला कुणाचा हे शोधायला त्यांची नजर सवयीनं काठावरून फिरली. सगळे काठ सारखे होते. त्यांनी पेले फळीवर पालथे घातले.

खाच असलेला पेला अप्पांनी भंगारात टाकला. अंबिकानं विचारलं, "आता तिथला खोडू का, अप्पा?"

"तू अजून खोडला न्हाईस?"

"न्हाई."

अप्पा ओरडतील म्हणून ती तयारीत होती. पण ते नुसते विचार करत बसले. "राहू दे," ते शेवटी म्हणाले. "हाय तसं दाखवायचं म्हणतीस ना? होतं तसं दाखव. आम्ही कधीच असे नव्हतो म्हणून सांगणं, हे दुसरं खोटं होईल. फक्त खाली लिही."

आणि त्यांनी सांगितलं ते तिनं तसंच लिहिलं : 'हा पेला माणसासाठी होता. तो झाडासाठी आहे असं मी पाहुणीला खोटं सांगितलं. आता तो आमच्या घरात नाही. पंचाक्षरी, जळकोट.'

जयंतीच्या दिवशी अप्पांनी मंडपाच्या कोपऱ्यात टेबल मांडून तो चष्मा ठेवला. आपल्या भाषणात त्यांनी दरवर्षीचं फारसं काही म्हटलं नाही. "समतेवर मी दर साली बोलतो. औंदा माझ्या घरात येऊन बघा, अन् मागच्या दारापर्यंत या," एवढं बोलून ते खाली बसले. लोकांना आधी गंमत वाटली. रांग लागली. हसत, एकमेकांना ढकलत माणसं चष्मा लावत होती आणि काढताना त्यांचं हसणं कमी झालेलं असायचं. काही जण चष्मा ठेवून सरळ घरी गेले. एक-दोघांनी मात्र तोंड वाकडं केलंच. हे असलं जयंतीत कशाला, असं म्हणाले.

सोमेश हा समोरच्या कापडदुकानाचा मालक आणि अप्पांचा जुना मित्र. चष्मा काढून तो थेट अप्पांपाशी आला.

"पंचाक्षरी, बुद्धी फिरली का तुझी? घरातली असली गोष्ट जगाला दाखवून अब्रू घालवून घेतलास की. असला गिलास कुणी असा चव्हाट्यावर मांडतंय का?"

"तुझ्या घरी कुठं ठेवतेत?" अप्पांनी शांतपणे विचारलं.

"खिडकीत," सोमेश म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो शेजारच्या खुर्चीवर बसला. दोघं मित्र बराच वेळ रांगेकडं बघत होते. सगळी भाषणं होईपर्यंत सोमेश तिथंच होता. उठताना एवढंच म्हणाला, "घरी जाऊन येतो."

वाचकहो, ही जळकोटच्या एका घराची गोष्ट आहे, पण असा कोनाडा कुठल्याही देशात, कुठल्याही गावात सापडतो. आज नवी साधनं आली आहेत. बसल्या जागी माणूस साऱ्या जगाची दुःखं डोळ्यांनी पाहू शकतो, आणि ते पाहावं, जरूर पाहावं. पण त्या साधनाचा खरा उपयोग दूरच्या माणसाची कणव वाटून घेण्यात संपत नाही. सवयीनं जे आपल्याला दिसेनासं झालंय, ते परक्या नजरेनं आपल्याच घरात दिसतं, हा त्याचा मोठा फायदा. आभासी जगातला अन्याय एका बोटानं पुसता येतो. खऱ्या घरातला पुसायला आपल्याच तोंडानं 'चुकलं' म्हणावं लागतं आणि दारातून बाजूला व्हावं लागतं. दुसऱ्याला बरोबरीनं वागवणं हे दान नाही. ते त्याचं होतंच, आपण अडवून ठेवलं होतं.

तेव्हा आज घरी गेल्यावर मागच्या दाराशी, खिडकीत, जिन्याखाली जरा वाकून बघा. काही सापडलं नाही तर फारच उत्तम. सापडलं, तर ते काढायला कुठल्या पाहुण्याची वाट पाहू नका.